लिमातला दहावा

लिमा शहरात मी पहिले काही दिवस मान वर करूनच हिंडलो. दक्षिण अमेरिकेत लोक जातात ते समुद्र बघायला, जुनी चर्चेस बघायला, नाहीतर डोंगरातली पडकी गावं बघायला. मी कावळा शोधत होतो. माझा मुलगा तिथे वारला होता, त्याचा दहावा मला तिथेच करायचा होता आणि पिंडाला शिवायला कावळा हवा होता. शहर बघितलं ते या नादात.

बापाने लेकाचा दहावा करायचा हेच मुळात उफराटं. पण आमच्या घरात गेली काही वर्षं सगळं उफराटंच चाललं होतं. नागपूरला वीज खात्यातून मी निवृत्त झालो तेव्हा मुलाने हट्टाने आम्हा दोघांना बंगळूरला नेलं. सर्जापूर रोडवर अकराव्या मजल्यावर घर घेतलं होतं त्याने. म्हातारपणी लेकाजवळ राहायचं म्हणून आम्ही गाव सोडलं, आणि वर्षभरात ऑफिसने त्याला लिमाला पाठवलं. नकाशात बघितलं तर पृथ्वीची पार दुसरी बाजू. मी त्याला फोनवर चिडवायचो, की लेका, आता आणखी पुढे सरकू नकोस, नाहीतर फिरून घरीच येशील. तो हसायचा. म्हणायचा, बाबा, हे शहर अगदी आपल्या बंगळूरच्या मारतहळ्ळीसारखं आहे, तीच गर्दी, तेच हॉर्न, फक्त इथे लोक गाणी म्हणतात.

गेला तो रस्ता ओलांडताना. संध्याकाळी कामावरून घरी येत होता. दोन बसगाड्यांची प्रवाशांसाठी आपसात शर्यत लागली होती आणि हा मधे सापडला. फोन आला तेव्हा आमच्याकडे उजाडत होतं आणि बायकोने नुकतंच दूध गॅसवर ठेवलं होतं. देह भारतात आणायला फार दिवस लागतील असं कळल्यावर ती म्हणाली, "त्याला पेटीत घालून, बर्फात ठेवून आणू नका. तुम्ही जा अन् तिथेच नीट करा." तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. मी एकटाच निघालो.

लिमाच्या आकाशाला रंग नाही. निदान मी गेलो त्या दिवसांत तरी नव्हता. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं ते शहरावर ठेवलेलं असतं. पाऊस म्हणाल तर पडत नाही, ऊन म्हणाल तर पडत नाही, नुसती ओल. कपडे वाळत नाहीत आणि सगळीकडे समुद्राचा, मासळीचा वास. आणि या झाकणाखाली जी काय धामधूम चाललेली असते, ती विचारू नका. छोट्या बसगाड्यांच्या दारात लोंबकळणारे कंडक्टर थांब्यांची नावं ओरडतात, फुटपाथवर शेगड्या पेटलेल्या, कुणी बोराएवढ्या दाण्यांचं मक्याचं कणीस चीज लावून खातंय, कुणी काढ्यासारखं गरम काहीतरी पितंय, प्रत्येक दुकानातून वेगळं गाणं. आपल्या पुण्याच्या कंपनीच्या ऑटोरिक्षासुद्धा तिथल्या वस्त्यांतून पळताना दिसल्या, रंगीबेरंगी कापडं लावलेल्या. एरवी मला मौज वाटली असती. तेव्हा मला फक्त राग आला. माझा मुलगा इथे मेला आणि यांचं एक गाणंही थांबलं नाही, असं मला वाटे. गाणं कशाला थांबेल? पण शोकात माणसाला अक्कल राहत नाही.

मला न्यायला मुलाचा सहकारी आला होता. चाळिशीतला माणूस, बंगळूरच्या जुन्या पेठेत तीन पिढ्या कापडदुकान असलेल्या मराठी घरातला. त्याचं मराठी कानडी वळणाचं होतं, पण मराठी होतं, आणि त्या शहरात तेवढाच एक आधार. दहन झालं तेव्हा तोच बाजूला उभा होता. स्वच्छ, गालिचे घातलेली जागा होती ती. तिथल्या बाईने त्याला काहीतरी विचारलं आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, काय म्हणते? तर ती विचारत होती, की गाणं कोणतं लावायचं. मी म्हणालो, काही लावू नका म्हणावं.

अस्थी लगेच मिळाल्या, पण त्या घेऊन देशाबाहेर पडायचं तर कागद लागत होते, आणि ते होईपर्यंत दहावा उलटून जाणार होता. बंगळूरला के. आर. पुरम भागात आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले, तुम्ही जिथे आहात तिथेच पिंड ठेवा, मी फोनवर सांगतो तसं करा. कावळा शिवला तर उत्तम, नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून लावा, शास्त्रात सोय आहे. मी ते बायकोला सांगितलं. ती ऐकायला तयार नाही. म्हणाली, "गवताच्या कावळ्याला काय समजते? खरा कावळा शिवला तरच मी मानीन का पोरगा सुटला म्हणून." त्या दिवसापासून ती चहाशिवाय काही घेईना. तिची बहीण नागपूरहून येऊन राहिली होती, ती मला वेगळा फोन करून रडायची, की भाऊजी, हिचं काही खरं नाही, काहीतरी करा.

मी काय करणार? कावळा शोधणार.

मुलाची खोली एका मोठ्या बाजाराजवळ होती. बाजार म्हटल्यावर कावळे असणारच, हा माझा हिशोब. जगात कुठेही मासळी कापली जात असेल तिथे कावळा हजर, असं मी साठ वर्षं धरून चाललो होतो. सकाळी उठून मी बाजारात जाऊन उभा राहायचो. बटाट्यांचे ढीग, जांभळे, पिवळे, वेडेवाकडे, मी जन्मात एवढ्या तऱ्हेचे बटाटे पाहिले नव्हते. मासळीवाल्या बाया आतडी बादलीत फेकायच्या. बादलीवर मांजरं यायची, कबुतरं यायची. मी पत्र्यांवर बघायचो, तारांवर बघायचो. एका मासळीवालीला वाटलं मी उपाशी आहे. तिने मला बाकड्यावर बसवून वाटीभर गरम रस्सा पुढे ठेवला. सुतकात मासळी कशी खाणार? हात जोडून उठलो. ती नाराज झाली असावी.

मग एका दुपारी मी बस धरून शहराच्या जुन्या भागात गेलो. तिथे रिमाक नावाची नदी आहे, नदी कसली, दगडांतून वाहणारं गढूळ पाणी. पुलावर उभा राहिलो आणि खाली लांबवर कचऱ्याच्या उतारावर मला ते दिसले. काळे, उड्या मारत चालणारे, एकमेकांवर धावून जाणारे, एक नाही, वीस-पंचवीस. मी तिथल्या तिथे बायकोला व्हिडिओ लावला. बंगळूरला बरीच रात्र झाली होती, पण ती जागीच होती. फोन नदीकडे वळवून मी म्हणालो, "हे बघ, दिसले का? आहेत. कावळे आहेत इथे." तिला काळे ठिपके दिसले असतील फक्त. पण ती रडली आणि हसली आणि बहिणीला हाक मारून म्हणाली, की बाई, भात आहे का गं थोडा? मी इकडे पुलाच्या कठड्याला धरून उभा होतो. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं.

मग मला हौस, जवळून बघायची. पूल उतरून, कुंपणाच्या फटीतून मी त्या उतारावर गेलो. जवळ गेलो तसे ते मोठे होत गेले. मग एकाने मान वळवली. डोकं उघडं, राखाडी, सुरकुतलेलं. ती गिधाडं होती. लहान जातीची, काळी कुळकुळीत, आणि माणसाची अजिबात भीती नसलेली. एक माझ्याकडे दोन पावलं आलं आणि बघत राहिलं. नागपूरचा मी, मला कावळा आणि गिधाड कळू नये? पण डोळ्यांना जे हवं असतं तेच दिसतं. मी धापा टाकत वर आलो आणि बराच वेळ बसच्या थांब्यावर नुसता बसून राहिलो.

संध्याकाळी सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. इथे कावळा नाहीच. लिमातच नाही, ह्या सगळ्या खंडातच नाही म्हणे. मी पण आल्यावर विचारलेलं, माझ्या अण्णांच्या श्राद्धाला." मी म्हणालो, एवढ्या मोठ्या खंडात कावळा नाही, हे कसं शक्य आहे? तो म्हणाला, "काय की काका. देवाने ठेवला नाही."

मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण त्याची चूक काय? त्याने विषय काढला नाही, कारण मी रोज सकाळी नवी जागा ठरवून उत्साहाने बाहेर पडत होतो. मी बायकोला सांगावं की नाही, यावर आम्ही दोघं खूप बोललो. तो म्हणाला सांगून टाका. रात्री उशिरा मी फोन हातात घेतला, तर तिचाच आला; तिकडे सकाळ झाली होती. आवाज मोकळा होता. दोन पोळ्या खाल्ल्या म्हणाली. शेजारच्या कानडी अक्कांना, खालच्या वॉचमनला, सगळ्यांना तिने सांगितलं होतं, की तिथे कावळे आहेत, काळजी नाही. मी नुसतं हो हो करत राहिलो.

त्या शहरातलं आणखी एक मला आठवतं. एका बागेत गोल पायऱ्यांचा खोलगट चौक आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी म्हातारी माणसं नाचतात. मुलाने मला फोनवरून दाखवलं होतं ते, म्हणाला होता, बघा, तुमच्या वयाचे आहेत सगळे. मी त्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. खरंच माझ्या वयाचे होते. इस्त्रीच्या पँटी, टोप्या, बायांनी ओठ रंगवलेले, आणि काय ते नाचणं! कुणाचा गुडघा दुखतोय असं वाटू नये. मला त्यांचा इतका राग आला, की उठून गाण्याचा डबा लाथेने उडवावा. माझी दाढी वाढलेली, अंगावर मुलाचं स्वेटर. तेवढ्यात माझ्याहून थोडी मोठी एक बाई आली आणि तिने हात पुढे केला. मी मराठीतच म्हणालो, "बाई, माझा मुलगा गेला हो." तिला काय कळणार? पण तिने हात मागे घेतला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. गाणं संपेपर्यंत बसली. मग उठून नाचायला गेली. मी तिथून निघालो तेव्हा राग उरला नव्हता, आणि राग गेल्यावर जे उरतं ते फार वाईट होतं.

दहाव्याच्या सकाळी आम्ही दोघं समुद्रावर गेलो. लिमाचा समुद्र शहराच्या खूप खाली आहे. वर उभा कडा, कड्यावर बागा, लोक कुत्री घेऊन पळत असतात. बागेच्या एका कोपऱ्यात, झुडपांच्या आड, मी मुलाच्या खोलीतल्या कुकरमध्ये शिजवलेल्या भाताचा पिंड केळीच्या पानावर ठेवला. काळे तीळ बाजारात मिळाले नव्हते, पांढरे घातले. गुरुजी फोनवर मंत्र सांगत होते आणि मधूनमधून आवाज तुटत होता. त्यांचं आटोपल्यावर ते म्हणाले, आता थोडं मागे सरा आणि वाट पाहा.

कावळा नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी मागे सरलो आणि वाट पाहिली. कावळा शिवेना की आपल्याकडे घरचे एकेक पुढे होऊन मेलेल्या माणसाला वचन देतात, तुझं अमुक राहिलंय ते आम्ही करू, तू निश्चिंत जा. तेही मी केलं. सहकारी पुढे होऊन म्हणाला, की तुझं अर्धं राहिलेलं काम मी पुरं करतो, चिंता नको. मी म्हणालो, तुझ्या आईला सांभाळीन. घर विकणार नाही. तुझी मोटारसायकल विकणार नाही. मग मला पुढे काही सुचेना. एकतीस वर्षांचा मुलगा, त्याला काय हवं होतं? लग्न करायचं होतं का? कुणी होती का? तिथेच राहायचं होतं का त्याला, त्या गाणी म्हणणाऱ्या लोकांत? का परत यायचं होतं? मला काहीच माहीत नव्हतं. रोज फोनवर आम्ही जेवलास का, ट्रॅफिक कसा आहे, एवढंच बोलायचो. मी हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, तुला जे हवं असेल ते.

वर गिधाड घिरट्या घालत होतं. कड्याच्या वाऱ्यावर पंख न हलवता ते खाली खाली येत होतं. मी स्वेटर काढून फिरवलं, ओरडलो. पळणारे लोक थांबून बघायला लागले. सहकाऱ्याने माझा दंड धरला. "काका, स्वल्प बसा. मी गवताचा करून आणलाय," तो म्हणाला आणि खिशातून गवत वळून केलेला छोटासा पक्षी काढला. लावू या म्हणाला. मी हो म्हणणार तेवढ्यात बायकोचा व्हिडिओ आला.

तिकडे सूर्य बुडायला आला होता. "शिवला का?" तिने विचारलं. मी म्हणालो, अजून नाही. तिने पुन्हा विचारलं, येऊन राहिले का तरी? मी वर बघितलं. तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, थांबा, मी इथे ठेवते. बहिणीने फोन हातात घेतला आणि मला आमची बंगळूरची बाल्कनी दिसली. कबुतरं येतात म्हणून मुलाने तिला जाळी मारून घेतली होती. बायकोने स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि ती जाळी कापायला लागली. नायलॉनची जाळी, तुटता तुटत नव्हती. बहीण रडत म्हणत होती, अगं जाऊ दे, संध्याकाळी पिंड ठेवत नाहीत. तिने ऐकलं नाही. ताटलीएवढं भोक पाडून तिने भाताचा गोळा बाहेरच्या कठड्यावर ठेवला.

ती दोन पावलं मागे सरली असेल नसेल, कावळा आला. मग दुसरा. घरी परतायच्या वेळी कावळ्यांना भूक असतेच. बघता बघता गोळा फुटला आणि शितंही उरली नाहीत. बहीण "शिवला गं, शिवला!" म्हणून हमसून रडायला लागली. मीही डोळे पुसले. गुरुजी काय म्हणतील ते म्हणोत, झालं एकदाचं, असं मला वाटलं.

बायको मात्र तशीच उभी होती, हातात कात्री. मग तिने फोन स्वतःकडे घेतला आणि अगदी हळू मला विचारलं, "एवढ्या लवकर? ठेवला की लगेच? म्हणजे त्याचं आपल्यात काहीच राहिलं नव्हतं का हो?"

सहकारी माझ्याकडे बघत होता. त्याच्या तळहातावर गवताचा कावळा होता. मी त्याला मानेने नको म्हणालो.

"इथे नाही शिवला," मी बायकोला म्हणालो. "उजाडल्यापासून बसलोय. पिंड आहे तसाच आहे."

"खरं सांगता?"

मी फोन पिंडाकडे वळवला. ती खूप वेळ बघत होती. पांढरा भात, पांढरे तीळ, मागे तो बिनरंगाचा समुद्र. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"मग घाई करू नका," ती म्हणाली. "थांबू द्या त्याला थोडं."

मी बरं म्हणालो, आणि पानाशी आलेलं कबुतर हाकललं.